समोरच्या खुर्चीचा हंगाम

कापूस निघायला लागला की मला मत्सर होतो. दरवर्षी. ज्यांचे गुडघे धरलेले असतात त्यांना थंडी पडायच्या आधीच ती कळते म्हणतात, तसंच काहीसं. परवा सेलूला एका लग्नाला जाऊन आम्ही दोघं वर्ध्याला परत येत होतो. गाडीच्या पुढे कापसाचा टेम्पो, त्यावर ताडपत्री कशीबशी बांधलेली, आणि रस्त्याकडेच्या बाभळींच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकलेले. त्यातला एक उघड्या खिडकीतून आत आला आणि ह्यांच्या बाहीवर बसला. मी तो उचलून बाहेर फेकला, जरा जास्तच जोरात. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे पाहिलं. विचारलं काही नाही.

ह्यांनी काही विचारावं अशी अपेक्षा मी कधीच सोडली आहे. आता हे ऐंशीकडे झुकलेत, मीही फार मागे नाही. जिचा मत्सर वाटतो ती बाई कुठे असते, असते की नाही, हेही मला ठाऊक नाही. नोकरीला निवृत्ती असते, मत्सराला नसते.

सत्तरचं दशक सरत आलं होतं तेव्हाची गोष्ट. हे सिंदी रेल्वेला एका जिनिंग-प्रेसिंगचे मॅनेजर होते आणि कारखान्याच्या आवारातच आमचा बंगला होता. बंगला नुसता म्हणायला. चार खोल्या आणि पुढे एक लांब व्हरांडा. दिवाळीपासून होळीपर्यंत त्या आवाराला उसंत नसे. फाटकाबाहेर बैलगाड्यांची रांग, काट्यावर वजनाची हुज्जत, आत सरकी वेगळी काढणाऱ्या रेच्यांची घरघर. सरकीचा तो तेलकट, गोडसर वास घरातल्या दुधालाही लागे. कापसाचे तंतू कुठेही सापडत. कणकेत, केसांत, देवाच्या तांब्यात. मी माहेरची हिंगणघाटची, मला कापसाचं कौतुक नव्हतं आणि त्रासही नव्हता. त्रास होता तो घरातल्या शांततेचा.

ह्यांना बोलायची आवडच नव्हती. भांडण नाही, रुसवा नाही, कधी आवाज चढवणं नाही. शेजारपाजारच्या बायका म्हणत, तुमचे मालक म्हणजे देवमाणूस. खरंच होतं ते. देवासारखंच, आपण बोलायचं आणि त्यांनी ऐकायचं. ऐकलं की नाही हेसुद्धा आपणच ठरवायचं. सकाळी "चहा", दुपारी "येतो", संध्याकाळी "जेवाले वाढ". एवढ्या भांडवलावर मी संसार चालवत होते.

लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात, कारखाना बंद असताना, ह्यांनी मला ब्रिज शिकवलं. का शिकवलं तेही सांगितलं नाही. एके दिवशी जेवणाच्या टेबलावर पत्ते पिसून वाटले आणि म्हणाले, "बस समोर." एक्क्याचे चार, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. हातातले असे गुण मोजायचे. बारा-तेरा झाले की तोंड उघडायचं, नाहीतर "पास" म्हणून गप्प बसायचं. त्या दुपारी मला कळलं की ह्या माणसाला बोलता येतं.

ज्यांना ब्रिज माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. चौघं खेळतात, दोन जोड्या. आपला जोडीदार आपल्या समोर बसतो, शेजारी नाही. खेळ सुरू व्हायच्या आधी बोली होते. आमची जोडी इतके हात करेल, अमका रंग हुकूम असेल, असं सांगत दोन्ही बाजू चढत जातात आणि सगळ्यात वरची बोली ज्याची त्यानं तेवढे हात करून दाखवायचे. खरी गंमत अशी की समोरच्याच्या हातात काय आहे ते दिसत नाही आणि आपल्या हातात काय आहे ते सांगायची परवानगी नाही. सांगायचं ते बोलीतूनच. एक ते सात आकडे, चार रंग, बिनहुकमी, पास, डबल, रिडबल. संपली भाषा. तीही एकाच सुरात बोलायची, एखादा शब्द दाबून म्हटला तर ती लबाडी. ह्यांचा सूर जन्मजात एकच होता. हा खेळ जणू ह्यांच्यासाठीच काढला होता कुणीतरी.

ह्यांनी मला "तू मले आवडतेस" असं कधी म्हटलेलं नाही. पण मी "एक बदाम" म्हणावं आणि समोरून "तीन बदाम" यावं, याचा अर्थ काय होतो ठाऊक आहे? तुझा रंग मलाही आहे, माझ्याकडे जोर आहे, तू घाबरू नको, पुढे हो. कुठल्या नवऱ्यानं बायकोला याहून जास्त सांगितलंय? मी त्या तीन बदामांवर आठवडा काढत असे. भाजी चिरताना मनात परत परत म्हणत असे. हसू येत असेल तर हसा.

बोली कशी निवडावी, यावर जाणते लोक पुष्कळ बोलतात. मला त्यातलं एकच पटलेलं आहे. आपल्याजवळ काय आहे ते सांगण्यापेक्षा समोरच्याला काय कळायला हवं आहे ते सांगावं. कितीतरी वेळा दोन बोली बरोबर दिसतात, आणि त्यातली कुठली समोरच्याच्या कानात नीट उतरेल हे ओळखावं लागतं. म्हणजे समोरचा माणूस ओळखावा लागतो. ह्यांचा खेळ त्यांच्या मामांकडून आलेला, थोडा जुन्या वळणाचा. त्यातल्या खाचाखोचा त्यांना ठाऊक आणि मला. त्याला मी मनात 'घरची रीत' म्हणे.

हंगामात संध्याकाळी दिवे लागले की व्हरांड्यात टेबल मांडलं जाई. पत्त्यांना कापसाचे तंतू चिकटत म्हणून मी त्यांना अधूनमधून पावडर लावून ठेवी. तिसरे हमखास येणारे गुलाबराव. शेती मोठी, बैलांचा शौक त्याहून मोठा, आणि हातात दोन चित्रं दिसली की बोली बोलायची घाई. चौथा कोणीतरी मिळे, बँकेतला, रेल्वेतला. त्यांच्या बदल्या होत. मी मात्र ह्यांच्या समोर ठरलेली.

त्या वर्षी भाऊबीजेला मी हिंगणघाटला गेले. आईनं आग्रह केला म्हणून आठवडाभर जास्त राहिले. परत आले ती संध्याकाळी. व्हरांड्यात दिवा लागलेला होता, आणि माझ्या खुर्चीवर एक बाई बसली होती. निळी सुती साडी, लांब शेपटा, मनगटावर पुरुषी घड्याळ. दवाखान्यात नवीन आलेल्या लेडी डॉक्टर. नाशिककडच्या, शिकलेल्या नागपूरला, आणि ब्रिज शिकल्या मेडिकलच्या होस्टेलमध्ये. वय माझ्याएवढंच, लग्न केलेलं नव्हतं. सगळं गाव त्यांना डाक्टरीनबाई म्हणे.

ती लगेच उठली. "या ना, तुमची जागा आहे ही," म्हणाली. मी म्हणाले, "बसा, बसा." असं म्हणायची पद्धत असते. त्यावर समोरच्यानं बसायचं नसतं, अशीही पद्धत असते. पण हे म्हणाले, "राहू दे. तू गुलाबरावसंगं बस. त्याले सांभाळणारं कोणी पायजे."

"व्हय वहिनी," गुलाबराव खुशीत आले. "मले तुमच्यासारखंच मानूस पायजे. मी उधळलो का तुमी येसन ओढजा."

मी पिशवीही आत न ठेवता ह्यांच्या डाव्या हाताला बसले. नवरा तिथून कसा दिसतो ते तोवर मला माहीत नव्हतं. एक कान दिसतो आणि जबड्याचा अर्धा भाग. डोळे दिसत नाहीत. डोळे समोरच्याला दिसतात.

मला त्या बाईचा मत्सर वाटला, त्याच क्षणी. उगाच आडवळणानं कशाला सांगू? आणि वाटला तो वेगळ्याच तऱ्हेनं. हे तिच्याकडे वाईट नजरेनं पाहत असते तर मी भांडले असते, भाऊ बोलावले असते, गावही माझ्या बाजूनं उभं राहिलं असतं. तसं काहीच नव्हतं. दोघं सगळ्यांसमोर, ट्यूबलाइटखाली, "एक किलवर", "एक इस्पिक" म्हणत होती. याची तक्रार कुणाकडे करणार? आईला सांगायचं, की अगं, हे तिला दोन बदाम म्हणाले?

तिनं ह्यांना नवी रीत शिकवली. माझ्या नवऱ्याला, ज्यानं मला शिकवलं त्याला. आमच्या घरच्या रीतीत "दोन किलवर" म्हणजे किलवर. सरळ. तिच्या रीतीत पार्टनरनं "एक बिनहुकमी" म्हटल्यावर "दोन किलवर" म्हणजे किलवर नव्हेच, तो प्रश्न. तुझ्याकडे बदाम किंवा इस्पिकची चार पानं आहेत का? अशा कितीतरी गोष्टी. ज्या माणसानं घरी कधी "भाजीत मीठ कमी काऊन हाये?" एवढंही विचारलं नाही, तो रोज संध्याकाळी तिला प्रश्न विचारू लागला आणि उत्तराची वाट पाहू लागला.

ब्रिजमध्ये एक नियम आहे. जोडीतल्या दोघांनी आपसात काही ठरवलं असेल तर ते विरुद्ध जोडीपासून लपवायचं नाही. विरुद्ध बाजूनं विचारलं, या बोलीचा अर्थ काय, तर सांगावं लागतं. आणि ज्यानं बोली केली तो सांगत नाही. त्याचा पार्टनर सांगतो.

आता माझी अवस्था बघा. माझा नवरा काहीतरी बोलला. मला कळलं नाही. मी नियमानं विचारायचं, आणि ते त्याला नव्हे, तिला. "ह्यांच्या या बोलीचा अर्थ काय हो?" आणि तिनं पत्ते छातीशी धरून, शांतपणे, पेशंटच्या नातेवाइकाला सांगावं तसं मला माझ्या नवऱ्याचा अर्थ सांगायचा. "त्यांना किलवर नकोय. त्यांच्याकडे जोर आहे, पण कुठे खेळावं ते अजून ठरलेलं नाही. ते मला विचारतायत." हे मान खाली घालून आपले पत्ते पाहत. चुकीचं सांगितलं असं एकदाही म्हणाले नाहीत.

मी रोज विचारू लागले. जे कळलेलं असे तेही विचारी. दुखऱ्या दाताला जीभ लावून पाहावी तसं. गुलाबराव कंटाळत.

"वहिनी, कायले इचारता? हे तं बैलबाजारातलं काम झालं. रुमालाखाली बोटं दाबून सौदा करून राह्यले दोघं."

"रुमालाखाली नाही हो गुलाबराव," ती हसून म्हणाली, "आम्ही रुमाल काढूनच बोलतो. वहिनी विचारतात, मी सांगते."

आम्ही! तो शब्द मी त्या रात्री पोळीबरोबर गिळला.

डाव संपला की चिरफाड चाले. कुठे चुकलं, कुठली बोली बरी होती. माझ्या वेळी ही चिरफाड एका वाक्यात संपे, "दोनच म्हणायला पायजे होतं." आता ती अर्धा-अर्धा तास चाले. हे बोलत. हात हलवून बोलत. मी आत कढीला फोडणी देत ऐके. एकदा हे हसले. मोठ्यानं. पळी माझ्या हातातून सुटली. कारखान्यातल्या रेच्यांच्या घरघरीवरून ते हसू स्वयंपाकघरापर्यंत आलं होतं आणि मला आधी वाटलं, कोणी परका पाहुणा आला आहे.

तिचा राग यायला ती वाईट तरी असायला हवी होती. मला खोकला धरला तेव्हा स्वतः निरोप पाठवून दवाखान्यात बोलावलं, कापसाच्या धुळीनं होतं म्हणाली, औषध दिलं आणि मागच्या क्वार्टरमध्ये चहाला नेलं. एक खोली. खाटेवर चौघांचे पत्ते उघडे मांडलेले. चारही हात ती एकटीच खेळत होती. एकीकडे बसून बोली करायची, उठून दुसरीकडे बसायचं. मला भरून आलं, खरंच आलं. मनात म्हटलं, बिचारी. तेवढ्यात ती चहा देता देता म्हणाली, "तुमच्या मिस्टरांसारखा पार्टनर नशिबानं मिळतो हो. बोलतात कमी, पण शब्दन् शब्द भरवशाचा." झालं. माझं भरून आलेलं ओसरलं. माझ्याच नवऱ्याची खूण ती मला पटवून देत होती, आणि अगदी बरोबर देत होती. औषध मात्र मी घेतलं. खोकला बराही झाला.

पौष लागला. तुरीच्या शेंगा, संत्र्याची सालं, पहाटे गाड्यांच्या रांगेत पेटवलेल्या शेकोट्या. वर्ध्याच्या क्लबात दरवर्षी जोड्यांची स्पर्धा व्हायची. आम्ही दोघं आदली काही वर्षं जात होतो. पॅसेंजरनं जायचं, दिवसभर खेळायचं, संध्याकाळी परत. वर्षातला तो एक दिवस असा, की मला नवऱ्याचं दिवसभराचं बोलणं मिळे. या वर्षी ते कोणाला नेणार, हे गावाला ठाऊक नव्हतं, मला नव्हतं, आणि मी विचारणार नव्हते. मला ती खुर्ची हवी होती. दागिना हवा असतो तशी नव्हे, ताटात आपला घास हवा असतो तशी. पण मागून मिळाली तर ती घ्यायची कशी?

स्पर्धेच्या आदल्या आठवड्यात तो डाव आला. आज मला त्यातलं पान न् पान आठवतं. पत्ते गुलाबरावांनी वाटले, आणि पहिली बोलीही त्यांचीच. बैल उधळावा तसे ते एकदम "तीन चौकट" म्हणाले. म्हणजे हातात चौकटची लांबड, बाकी फारसं काही नाही. मग ह्यांची पाळी. हे म्हणाले, "डबल."

डबलचे दोन अर्थ होते. घरच्या रीतीत, "तुम्ही हे करू शकणार नाही, पडलात की दंड दुप्पट, चौकट माझ्याकडेच भक्कम आहे." तिच्या रीतीत, "चौकट माझ्याकडे नाही, बाकीचे तीन रंग आहेत, पार्टनर, तू बोल." मी नेहमीप्रमाणे विचारलं. तिनं नेहमीप्रमाणे सांगितलं, "चौकट सोडून बाकी रंग आहेत. मला बोलायला सांगतायत."

पण मी ह्यांच्या हातांकडे पाहिलं होतं. डबल म्हणून ह्यांनी पत्ते मिटले आणि टेबलावर पालथे ठेवले. विषय संपला, आता काही ऐकायचं नाही, असे. घरच्या डबलला ते नेहमी तसं करत. ज्यानं प्रश्न विचारला आहे तो पत्ते मिटत नाही. हे चुकून आमच्या भाषेत बोलले होते. इतक्या संध्याकाळी नवी रीत बोलून झाल्यावर, गुलाबरावांनी धसमुसळेपणा केला आणि ह्यांच्या तोंडून जुनं निघून गेलं होतं.

तिनं ते पाहिलं असतं तरी उपयोग नव्हता. पार्टनरच्या हालचालीवरून काही ओळखणं हे ब्रिजमध्ये पाप आहे. विरुद्ध बाजूला ती मुभा आहे. म्हणजे बायको म्हणून नव्हे, शत्रू म्हणून मला त्यांना वाचायचा हक्क होता. मी "पास" म्हणाले. तिच्या हातात इस्पिकची चार पानं असावीत, गुणही बरे असावेत. पार्टनरकडे इस्पिक आहेच या भरवशावर तिनं उडी घेतली. "चार इस्पिक."

ह्यांच्या कानाची पाळी लाल झाली. तेवढीच मला दिसत होती. त्यांना चूक कळली होती, पण सांगायला तोंड नव्हतं. गुलाबराव पास, हे पास. माझ्या हातात एक्का-राजा धरून पाच इस्पिक. गप्प बसले असते तरी ती पडणारच होती, हळू पडली असती. पत्त्यांच्या हिशेबानं बरोबर आणि मनाच्या हिशेबानंही बरोबर अशी बोली आयुष्यात फार कमी वेळा हाताशी येते. मी म्हणाले, "डबल." सूर एकच ठेवला. एवढं मला ह्यांनीच शिकवलं होतं.

ती चार हातांनी पडली. बोली जिंकणाऱ्याच्या जोडीदाराला पत्ते उघडे मांडावे लागतात, त्याला डमी म्हणतात. डमी म्हणून ह्यांचे पत्ते टेबलावर उघडे झाले तेव्हा चौकटचा एक्का आणि राणी सगळ्यांसमोर आले. इस्पिक दोन, तेही फुटकळ. गुलाबराव नाचायचे बाकी होते. "वहिनी, काय हानली तुमी! तुमाले कसं समजलं?"

तिनं पत्ते गोळा केले. "चौकट होती तुमच्याकडे?" ह्यांना म्हणाली. हे एवढंच बोलले, "सवय." मग ती माझ्याकडे वळली आणि जरा वेळ बघत राहिली. रागानं नाही. एखादा रोग ओळखू आल्यावर डॉक्टर बघतात तशी. त्या दिवशी चिरफाड झाली नाही. मी कढीला फोडणी दिली ती गाणं गुणगुणत.

शुक्रवारी जेवताना हे म्हणाले, "आयतवारी वर्ध्याले जाचं हाये. तयार राहजो."

"मी?"

"मंग कोन?"

मी भात वाढला, जास्तच वाढला. मी जिंकले होते. शनिवारी निळी इरकल काढली, मग निळी नको म्हणून हिरवी काढली. रविवारी सकाळी पॅसेंजरमध्ये खिडकीजवळ बसले. धुकं विरत होतं, शेतांत वेचणीच्या बायका ओटीला फडकी बांधून उतरल्या होत्या. समोर गुलाबराव. तेही सेलूच्या एका जोडीदाराबरोबर खेळायला निघाले होते. संत्रं सोलता सोलता म्हणाले, "बरं झालं वहिनी तुमी आल्या. डाक्टरीनबाईचं आज नसबंदीचं शिबिर निघालं ना, नाईतं..."

"नाईतं काय?"

गुलाबरावांनी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर पाहत होते.

"काई नाई. संत्रं घ्या. गोड हाये."

मी घेतलं. आंबट होतं. शिबिराचं ह्यांना शुक्रवारी ठाऊक होतं का? खुर्ची मला चार इस्पिकच्या डबलनं मिळाली, की ती रिकामी होती म्हणून? हे मी तेव्हा विचारलं नाही, पुढेही विचारलं नाही. ह्यांना खोटं बोलता येत नाही, आणि म्हणूनच काही गोष्टी ह्यांना विचारता येत नाहीत.

क्लबात मात्र आम्ही बसलो ते समोरासमोर. डोळे परत मला दिसू लागले. पहिल्या काही डावांत मला समजलं की हे नव्या रीतीनंच बोलणार. घरची रीत त्यांनी त्या "सवय" शब्दाबरोबर सोडून दिली होती. आणि मला एकही बोली अडली नाही. कशी अडेल? अख्खा हंगाम रोज विचारून विचारून मी ती सगळी तिच्या तोंडून पाठ केली होती.

दुपारी हिंगणघाटचे दोन वकील आमच्याविरुद्ध बसले. मी म्हणाले, "एक बिनहुकमी." हे म्हणाले, "दोन किलवर." त्यातल्या वयस्कर वकिलांनी चष्मा वर केला आणि मला विचारलं, "बाई, तुमच्या पार्टनरच्या या बोलीचा अर्थ काय?"

इतके महिने दुसऱ्या बाईला विचारलेला प्रश्न आज मला विचारला जात होता. नवऱ्याचा अर्थ सांगायचा मान माझा होता. मी पत्ते छातीशी धरले आणि शांतपणे म्हणाले, "त्यांना किलवर नकोय. त्यांच्याकडे जोर आहे, पण कुठे खेळावं ते अजून ठरलेलं नाही. ते मला विचारतायत."

बोलून झाल्यावर मला ऐकू आलं. 'इचारून राह्यले' नव्हे, 'विचारतायत'. शब्द तिचे, थांबणं तिचं, पत्ते धरणंही तिचं. समोर ह्यांनी मान वर केली. आणि ते हसू, जे मी फक्त स्वयंपाकघरातून ऐकलं होतं, ते मला प्रथमच समोरून दिसलं.

आमचा दुसरा नंबर आला. संध्याकाळच्या गाडीत गुलाबराव वरच्या बाकावर झोपून गेले. सेलू रोड गेलं, तुळजापूर गेलं. डब्यातला पिवळा दिवा मिणमिणत होता. हे आपणहून बोलले, जे कधी होत नाही.

"आज तू मले बरोबर समजली."

या वाक्यासाठी मी लग्न झाल्यापासून थांबले होते. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारायला नको होतं तेच विचारलं.

"डाक्टरीनबाईसारखी?"

हे जरा थांबले. मोठी बोली करण्याआधी थांबत तसे. सगळं मोजून झाल्यावर म्हणाले, "हो. अगदी तशीच."

इतका खूश झालेला नवरा मी त्याआधी कधी जवळून पाहिला नव्हता.